कानवालीचं काउंटर

विमानतळावर तिचं खरं नाव फक्त छातीवरच्या बिल्ल्यावर उरलं होतं, आणि बिल्ला वाचतो कोण? झाडूवाल्यापासून वैमानिकापर्यंत सगळे तिला कानवाली म्हणत. समोर असली की 'कानवाली ताई', पाठ वळली की नुसतंच 'कानवाली', आणि ती सुट्टीवर असली की त्यापुढे सुचेल ते. तिला हे सगळं ठाऊक होतं. जी बाई दिवसभर दुसऱ्यांच्या कानांकडे बघते, तिच्या कानांवर गोष्टी यायच्या थोड्याच राहतात?

तिचं काम ऐकायला अगदी साधं. लहान गावांतून लहान विमानांनी लोक यायचे आणि इथे उतरून परदेशी जाणाऱ्या मोठ्या विमानात बसायचे. पुढच्या विमानाचा पास घरून निघतानाच हातात पडलेला असे, त्यामुळे आता आपल्याला अडवणारा जन्माला यायचाय अशा थाटात ते चालत. पण मधे कानवालीचं काउंटर होतं. विमान बदलणाऱ्या प्रत्येकाने आधी तिथे पासपोर्ट दाखवायचा, असा कंपनीचा नियम. मुदत शिल्लक आहे ना, व्हिसा लागलाय ना, आणि मुख्य म्हणजे फोटोतला माणूस तो समोरचाच ना, एवढं बघून तिने पासवर निळा शिक्का मारायचा. शिक्का नसेल त्याला गेटावरून पुढे सोडत नसत. कारण पलीकडच्या देशाने माणूस नाकारला, तर त्याला परत आणायचं ओझं कंपनीच्याच गळ्यात. साहेब नव्या पोरींना समजावत, "नापसंत माल दुकानदारालाच परत न्यावा लागतो, भाडं पदरचं. तेव्हा माल नीट पारखा."

आता फोटोतला माणूस आणि समोरचा माणूस एकच, हे ओळखणं म्हणजे पोरखेळ नव्हे. पासपोर्टावर माणसाचा फोटो नसतोच, त्या दिवशीच्या भीतीचा असतो. फोटोत मिशी असते, समोर नसते. फोटोत टक्कल असतं, समोर दाट काळं रान असतं आणि मालक म्हणतो, "औषध लागू पडलं." आजारपणात कुणी निम्मा झालेला असतो, सुखात कुणी दुप्पट झालेला असतो. शेजारच्या काउंटरवरची बडबडी (हेही टोपणनावच, आणि अगदी योग्य) एकदा नवराबायकोचे फोटो दहा मिनिटं उलटसुलट बघत बसली होती आणि शेवटी म्हणाली, "लग्नाआधीचे दिसताहेत. तरीच दोघं हसताहेत."

बाकीच्या नाकडोळे बघत. कानवाली म्हणायची, "कानावरचे केस जरा मागे घ्या." एक नजर फोटोवर, एक समोर, की खाडकन शिक्का. ती बघायची तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळायचं. बडबडी म्हणे, देवळात लोक असं बघतात. एवढी वर्षं झाली, एवढी माणसं गेली, पण दोन कान सारखे असे तिला कधी सापडले नव्हते. जुळ्या बहिणी यायच्या, सख्खी आई गोंधळावी अशा, आणि कान मात्र दोन गावचे. कुणाचा कान अर्ध्या उघडलेल्या दारासारखा, कुणाचा डोक्याला चिकटून झोपलेला. कुणाची पाळी थेंबासारखी सुटी, कुणाची गालालाच शिवलेली. म्हातारपणी कान लांबतो, लोंबतो, पण वळण सोडत नाही. एवढ्याशा जागेत एवढ्या तऱ्हा कुणी बसून काढल्या असतील, या विचाराने तिचा हात कधी कधी शिक्क्यावरच थबकायचा आणि रांगेतून कुणीतरी खाकरायचं.

ही विद्या तिला बाबांकडून आली. बाबांचं केस कापायचं दुकान होतं. लहानपणी शाळा सुटली की ती दुकानातल्या बाकावर येऊन बसे. गिऱ्हाईकाच्या तोंडाला साबणाचा फेस, गळ्यापासून खाली कापड, डोळे मिटलेले. उरतात काय, तर दोन कान. बाबा वस्तऱ्याचा हात न थांबवता विचारत, "सांग, कोण?"

"पोस्टमनकाका."

"आणि त्या खुर्चीत?"

"गणिताचे सर. पण आज घाबरलेत."

"तुझ्या दादाच्या हातात वस्तरा आहे, घाबरणारच," असं बाबा म्हणत आणि फेसाखालचे सर हसत. बाबांचं म्हणणं असं, की चेहऱ्याला माणूस नाटकं शिकवतो. कान अडाणी राहतो, म्हणून खरा राहतो. काम झालं की ते गिऱ्हाईकाच्या मानेवर हलकी फुंकर मारत, कानाच्या पाळीला बोटाने दोनदा टिचकी देत आणि म्हणत, "झालं, राजे." हमाल असो की हेडमास्तर, त्या क्षणापुरता राजाच. लोक सांगत, केसांसाठी नाही, त्या टिचकीसाठी इथे येतो.

बाबांच्या स्वतःच्या डाव्या कानापुढे, कान गालाला मिळतो तिथे, सुईने टोचल्यासारखं एक बारीक छिद्र होतं. जन्माचंच. आणि कानाची वरची कड एका जागी, पुस्तकाच्या पानाचा कोपरा दुमडावा तशी, आत वळलेली. दादाचं तसंच. तिचंही तसंच. आई होती तोवर म्हणायची, "तुमच्या घराण्यावर देवाने खूण करून पाठवलंय. हरवलात तरी सापडाल."

हरवला तो दादा.

झालं ते एवढंच. चांगली मिशी फुटलेला पोरगा, दुसऱ्या खुर्चीवर हात चालवायचा. एका दुपारी त्याने एका गिऱ्हाईकाचे कल्ले एक वर, एक खाली असे कापले. गिऱ्हाईकाला कळलंही नसतं. पण बाबांच्या दुकानात वाकडा कल्ला म्हणजे दुधात माशी. त्यांनी भरल्या दुकानात पोराचा कान पिळला. लोक हसले. दादाने वस्तरा पुसला, चामड्याच्या पट्ट्यावर दोन हात घासला, जागेवर ठेवला आणि दुकानाची पायरी उतरला. भूक लागली की येईल, असं सगळे म्हणाले. नंतर कळलं, कुठल्याशा जहाजावर लागला. त्यानंतर काहीच कळलं नाही.

त्या कानाबद्दल बाबा पुन्हा चकार शब्द बोलले नाहीत. फक्त रोज दुकान बंद करताना दादाचा वस्तरा पट्ट्यावर घासत आणि परत जागेवर ठेवत. कुणाच्या दाढीला तो कधी लागला नाही, पण धार अशी की नजर कापावी.

पोरीने विमानतळावर नोकरी धरली तेव्हा नातेवाइकांना वाटलं, विमानाची हौस. काकू तर म्हणाल्या, "वैमानिक गटवायचा असेल." काकूंचा अंदाज साफ चुकला. तिने पुढे विजेच्या मोटारी दुरुस्त करणारा एक शांत माणूस गटवला, आणि तोही त्याचे कान पसंत पडल्यावर. नोकरीमागचा तिचा हिशेब वेगळाच होता. परदेशी गेलेला माणूस कधीतरी आपल्या माणसांच्या ओढीने गुपचूप येणार, कधीतरी परत जाणार, आणि जाताना या काउंटरवर पासपोर्ट ठेवणार. नदीच्या तोंडाशी जाळं लावून कुणी बसावं, तशी ती बसली.

मधल्या काळात काचबिंदूने बाबांचे डोळे नेले. दुकान बंद झालं. फिरती खुर्ची तिने आपल्या घरी आणून खिडकीशी ठेवली आणि बाबांना खुर्चीजवळ. जुने सोबती अजून येत आणि बाबा नुसत्या बोटांनी चाचपून त्यांचे केस कापत. एक वाकडा कल्ला कुणी दाखवावा. ती कामावरून आली की ते विचारत, "आज कोण कोण गेलं?" मग ती दिवसभराचे कान सांगे. एका पहिलवानाचे चुरगळलेले कान, एका गायिकेचे एवढेसे कान. बाबा ऐकून डोलत, हसत. जे विचारायचं असे ते विचारत नसत, आणि ते विचारत नाहीत हे तिला ऐकू येई.

अलीकडे त्यांच्या उजव्या हाताला बारीक कंप सुटला होता. कात्री धरली की थांबायचा, सोडली की सुरू. एकदा ते म्हणाले, "डोळे गेले त्याचं काही नाही गं. हात जायच्या आत..." तिने भाजी चिरता चिरता ऐकलं. त्या दिवसापासून तिला रांग फार हळू सरकतेय असं वाटू लागलं.

आणि घाई झाली की माणूस चुका करतो. तसलं छिद्र जगात पुष्कळांच्या कानापुढे असतं, हे तिला काय माहीत नव्हतं? पण एके दिवशी एका लठ्ठ व्यापाऱ्याच्या कानापुढे ते दिसलं आणि तिच्या तोंडून गेलं, "तुमचे वडील केस कापायचे का हो?" व्यापारी असा तापला की काच धुरकटली. काही दिवसांनी तोच प्रश्न तिने एका न्यायाधीशांना विचारला. त्यांनी तिथल्या तिथे कागद मागवून तक्रार लिहिली, स्वच्छ अक्षरात.

साहेबांनी तिला खोलीत बोलावलं. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्याही वर साहेब होते. "बाई, प्रवाशाच्या बापाची चौकशी आपल्या कामात बसत नाही. पुन्हा एकदा झालं, तर खाली हरवलेल्या सामानाच्या खोलीत बसावं लागेल. तिथे बॅगाच बॅगा. कान एकही नाही."

ती उठली, काउंटरवर आली आणि त्यानंतर कामाशिवाय एक शब्द बोलली नाही. बडबडी म्हणाली, "तुझ्यामुळे मला आता दोघींचं बोलावं लागतंय."

असेच दिवस चालले होते. एका दुपारी पलीकडच्या गेटावरचं मोठं विमान सुटायच्या बेतात होतं. विमान बदलणाऱ्या प्रवाशांनी पासपोर्ट तपासून घ्यावा, अशी घोषणा घसा सुकेपर्यंत झाली होती, आणि नेहमीप्रमाणे एक प्रवासी कानात गाणी घालून गेटाशी बसला होता. शेवटी गेटावरच्या माणसाने खांदा हलवून पिटाळलं तेव्हा ती मुलगी धावत काउंटरवर आली. विशीतली पोर, केसांचा रंग फोटोत काळा, समोर तांबूस. पासपोर्ट परदेशी, आडनाव परकं. बापाचं नाव त्या देशाच्या पासपोर्टात छापतच नाहीत. साहेब मागे उभे राहून घड्याळ बघत होते.

"कानावरचे केस जरा मागे घ्या," कानवाली सवयीने म्हणाली.

मुलीने केस मागे घेतले.

डाव्या कानापुढे सुईचं टोचणं. आणि वरच्या कडेला दुमडलेलं पान.

असं छिद्र तिने पुष्कळांना पाहिलं होतं. तशी कडही पाहिली होती. दोन्ही एका कानावर तिने जगात फक्त तीनदा पाहिली होती, आणि त्यातला एक कान रोज आरशात. जहाजावरून निघालेला, समुद्र ओलांडून गेलेला, नाव पुसून टाकलेला तो दुमडलेला कोपरा एका परक्या आडनावाच्या पोरीच्या डोक्यावर बसून परत आला होता. भाषा बदलली, देश बदलला, केसांचा रंग बदलला, आणि कानाने आपलं वळण सोडलं नव्हतं. कुणी वाढवला हा कान? कुणी सांभाळून पाठवला?

"बाई," साहेब हळूच म्हणाले, "गेट बंद होतंय."

विचारायची सोय नव्हती. प्रश्न ओठांवर होता आणि मागे साहेब होते. आणि समजा हाही कान त्या व्यापाऱ्याच्या कानासारखा परकाच निघाला तर? मग खालची खोली, बॅगाच बॅगा, आणि दादा खरोखर येईल त्या दिवशी काउंटरवर भलतंच कुणी. तिने व्हिसा पाहिला. मुदत पाहिली. फोटो पाहिला. शिक्का मारला. पास पुढे सरकवला. आणि मग हात तिच्या ताब्यात राहिला नाही. तो तिच्याच कानाकडे गेला, पाळीला त्याने दोनदा टिचकी मारली, आणि तोंडातून बाबांचेच शब्द गेले.

"झालं, राजे."

मुलगी पास घेऊन पळाली. चार ढांगांवर थांबली. वळली. गेटावरून तिच्या नावाचा पुकारा चालू होता आणि ती सावकाश परत आली, झोपेतून उठल्यासारखी.

"हे तुम्ही काय केलंत?" ती म्हणाली. बोलणं आपलंच, पण घरापुरतं वापरलेलं, बाहेरचं वारं न लागलेलं.

"काही नाही. जा बाळा, विमान सुटेल."

"नाही. हे माझे बाबा करतात. माझे केस कापून झाले की. स्वयंपाकघरात, स्टुलावर बसवून. फुंकर, मग टिचकी, मग हेच. मी विचारलं, हे कुठून आणलं? तर म्हणतात, दुकानातून."

बडबडीने आपलं वाक्य अर्ध्यात सोडून मान इकडे वळवली. कानवालीने केस मागे घेतले आणि आपला डावा कान काचेजवळ नेला. मुलीने बघितलं. मग तिचं बोट आपोआप स्वतःच्या कानापुढच्या छिद्रावर गेलं आणि तिथेच राहिलं.

साहेबांनी काउंटरवरचा फोन उचलला. "गेट? एक प्रवासी येतेय. हो, निघालीय. जिना उतरतेय." मुलगी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होती. साहेबांनी फोन ठेवला आणि भिंतीवरची आगीची सूचना मन लावून वाचायला लागले.

आता काय सांगावं? इतक्या वर्षांचं बोलणं, आणि वेळ एका श्वासाची. कानवाली म्हणाली, "तुझ्या बाबांना सांग, ज्यांनी कान पिळला त्यांचे डोळे गेलेत. हात आहेत. अजून."

मुलीला अर्थ लागला नाही. पण शाळेतली कविता पाठ करावी तसं तिने ते पुटपुटून पाठ केलं. "डोळे गेलेत. हात आहेत. अजून." आणि तेच म्हणत धावली.

घरी बाबांनी विचारलं, "आज कोण कोण गेलं?" तिने एका बासरीवाल्याचे कान सांगितले, एका बाळाचे, लाटलेल्या कणकेसारखे. बाबा ऐकत राहिले. मग म्हणाले, "एक कान लपवतेयस."

"नाही हो बाबा."

"बरं," बाबा म्हणाले आणि पट्टा मागून घेऊन वस्तरा घासायला लागले.

सांगावं कसं? आला नाही तर म्हाताऱ्याला दुसऱ्यांदा वाट बघायला लावायची का? तिने काउंटरवर मान वाकडी करकरून रांग बघितली. बडबडी आपल्या रांगेतले कानही तिच्यासाठी बघू लागली आणि भलत्यासलत्या खबरा देऊ लागली. दादा आला नाही. फोन आला नाही. बाबांचा कंप तेवढा वाढला. एकदा कात्री हातातून पडली आणि जुना सोबती म्हणाला, "असू दे रे, आज राहू दे." बाबांनी ती चाचपडून उचलली आणि केस पुरे केले, पण त्यांच्या कपाळावर घाम होता.

गंमत बघा. ज्या रांगेवर तिने उभं आयुष्य डोळा ठेवला, त्या रांगेतून तो आलाच नाही. यायचाही नव्हता. बाहेरून येणाऱ्याला तिच्या काउंटरशी काय काम? तिच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, ऐन जेवणाच्या वेळेला, दाराची कडी वाजली. दारात एक पोट सुटलेला, पिकल्या केसांचा परका गृहस्थ उभा. हातात बॅग, कपाळावर पत्ता विचारत फिरल्याचा घाम. चेहऱ्यावर ओळखीचं काही शोधून सापडेना. तिने चेहऱ्यावर वेळ घालवला नाही. त्याचा डावा कान बघितला.

दोघं उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभे राहिले. आतून बाबांनी विचारलं, "कोण आहे गं?"

तिने त्याच्या हातातली बॅग घेतली. "गिऱ्हाईक आहे, बाबा."

"मग उभं का केलंयस? बसव की."

तो खिडकीशी जाऊन फिरत्या खुर्चीत बसला. ती खुर्ची त्याने ओळखली, कारण बसताना ती डावीकडे कलते हे त्याच्या अंगाने आधीच सांभाळलं. कानवालीने कापड गुंडाळलं. बाबा चाचपडत मागे आले. त्यांची बोटं पहिल्यांदा डोक्यावर उतरली, मग माथ्यावरून खाली, मग बाजूला. डाव्या कानापाशी थांबली. वरच्या कडेवरून गेली, दुमडलेल्या कोपऱ्यावर. खाली आली, छिद्रावर. हाताचा कंप थांबला. हातात कात्री नव्हती, तरी थांबला. ती दारापाशी भिंतीला टेकून उभी होती. तिच्या डोळ्यांदेखत बाबा ते एवढंसं छिद्र बोटाच्या टोकाने वाचत राहिले, वाचून झालं तरी वाचत राहिले.

मग बोट कल्ल्यावर उतरलं आणि ते म्हणाले, "हे कल्ले कुणी कापले?"

"मीच," गृहस्थ म्हणाला.

"तरीच," बाबा म्हणाले. "कात्री दे गं."

आणि त्यांनी केस कापायला घेतले. खिडकीतून ऊन येत होतं, कात्री चालत होती आणि पिकले केस कापडावरून घसरत होते. बाबांचा हात असा चालला होता, जसा दुकान भरलेलं असताना चालायचा. कल्ले सरळ झाले. मान झाली. वरचे झाले. दादाच्या वस्तऱ्याने त्यांनी दादाची मान साफ केली, आणि त्या पात्याला पहिल्यांदा केस लागले. मग पुन्हा कल्ले. पुन्हा वरचे. ताटं वाढून गार झाली. तिचा नवरा एकदा डोकावला आणि पाय न वाजवता परत गेला.

ती टिचकीची वाट बघत होती. टिचकी येईना. तिला उशिरा उमगलं. 'झालं, राजे' म्हटलं की गिऱ्हाईक खुर्चीतून उठतं, पायरी उतरतं आणि चालायला लागतं. बाबा ते म्हणणारच नव्हते. डोक्यावर आता कापण्याजोगं फारसं काही उरलं नव्हतं, तरी त्यांची कात्री वाऱ्यात चालत होती, आणि दादा डोळे मिटून, मान खाली घालून, लहान मुलासारखा बसून होता.